पुण्याच्या खडकवासला तलावाभोवती सायकलने फिरायला निसर्गरम्य मार्ग कोणते? तलावाला पूर्ण फेरी मारता येते का? उन्हाळ्यात पाणी दिसेल का? राहायला धायरीत नवीन, सायकल हायब्रिड, ४०-५० किमीची सवय आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण नकाशा बघून प्रत्येकाला तोच मोह होतो. नाही, काठाकाठाने पूर्ण फेरी मारता येत नाही. तलावाच्या उत्तरेचा मोठा काठ राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या हद्दीत आहे. प्रबोधिनी १९५५ पासून इथे आहे आणि आतले सुरेख, झाडीतले रस्ते तुमच्या-माझ्यासाठी नाहीत. गेटवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही, कुंपणाशी थांबून फोटोही काढू नका. म्हणून हा तलाव दोन काठांचे दोन वेगळे दौरे म्हणून बघावा. तुम्ही धायरीत नव्याने राहायला आला आहात, सायकल हायब्रिड आहे आणि ४०-५० किमीची सवय आहे असं लिहिलंय, म्हणजे दोन्ही तुमच्या आवाक्यातले आहेत.

सगळे जातात तो दक्षिण काठ. धायरी फाट्यावरून सिंहगड रोडने सरळ निघायचं. नांदेड फाटा, किरकटवाडी फाटा, खडकवासला गाव, मग धरण. धरणापर्यंतचा रस्ता नुसता उरकायचा, त्यात बघण्यासारखं काही नाही. एक मात्र सांगतो, धरणाच्या अलीकडे पाण्यावर संशोधन करणारी १९१६ सालची केंद्रीय संस्था आहे. तिथे नद्या-बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत पाणी खेळवून अभ्यास करतात. कधी बघायची परवानगी मिळाली तर सोडू नका.

धरण ओलांडलं की उजव्या हाताला पाणी सुरू होतं. ही चौपाटी. सकाळी सहा-साडेसहाला इथे गाडीवाले कोळसे पेटवत असतात, कणसाच्या सालींचा ढीग पडलेला असतो, आणि रस्ता जवळजवळ तुमचाच. त्याच जागी रविवारी दुपारी चारला गेलात तर गाड्यांच्या दोन रांगांमध्ये, रस्ता ओलांडणाऱ्या मुलांमधून आणि भज्यांच्या धुरातून सायकल हातात धरून चालावं लागेल. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तर हा पट्टा मी सायकलसाठी बंदच समजतो. मधला वार मिळत नसेल तर धरण उजाडतानाच पार करा आणि नऊ-साडेनऊच्या आत परत अलीकडे या.

पुढे गिरीनगरची भिंत, गोऱ्हे बुद्रुक आणि डोणजे फाटा. इथे गर्दीचा मोठा हिस्सा डावीकडे सिंहगडाला वळतो. तुम्ही सरळ जायचं. खानापूरपासून रस्ता खऱ्या अर्थाने मोकळा होतो. डावीकडे सिंहगड, त्यावर दूरदर्शनचा मनोरा, दोन्ही बाजूंना भातखाचरं. जुलैत लावणीच्या दिवसांत इरली नि प्लॅस्टिकचे कागद पांघरून वाकलेल्या बाया दिसतात आणि चिखलाचा वास सायकलवरही जाणवतो. पाणी मध्ये मध्ये लपतं, मालखेडच्या पुढे पुन्हा भेटतं. रस्ता सतत थोडा वर, थोडा खाली असा आहे. एकही चढ जिवावर येत नाही, पण मिळून पाय चांगले भरतात. धायरीपासून याच रस्त्यावरच्या पानशेत धरणापर्यंत जाऊन-येऊन ६५ किमीच्या आसपास धरा. पहिल्यांदा खानापूरहून परत फिरलात तरी काही बिघडत नाही, चहा आणि मिसळ तिथेही मिळते.

इथे एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात, ती म्हणजे वारा. उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत या खोऱ्यात पश्चिमेचा वारा असतो आणि दिवस चढेल तसा वाढतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. म्हणजे आधी हप्ते भरायचे आणि मग घर मिळतं. जाताना वेग बघून निराश होऊ नका, हलका गिअर टाकून पाय फिरवत राहा.

आता उत्तरेची बाजू. माझ्या मते खरा मार्ग हाच आहे. धायरीतून नांदेड गावात उतरून शिवण्याकडे जाणारा पूल घ्यायचा, उत्तमनगरमधून कोंढवे-धावडे, म्हणजे एनडीएच्या गेटपाशी यायचं आणि गेटमध्ये न शिरता कुडज्याकडे जाणारा रस्ता धरायचा. खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुरू असेल त्या दिवशी शिवण्याच्या पुलाच्या वाटेला जाऊ नका, वारज्याकडून फिरून या. उत्तमनगरची बाजारपेठ अरुंद आहे, पीएमपीच्या बसमागे अडकायला होतं. पण गेट मागे पडलं की दहा मिनिटांत शहर सुटतं.

एका बाजूला एनडीएचं राखलेलं रान, समोर छोटा चढ, मग उतार, आणि कुडज्याच्या पुढे तलावाची अशी बाजू दिसते जी चौपाटीवरून कधीच दिसत नाही. पलीकडच्या काठावर तोच सिंहगड, पण आता पाण्यापलीकडे, पूर्ण अंगाने. मांडवीच्या आसपास फार्महाउसची कुंपणं वाढलीत, त्यामुळे पाण्यापर्यंत पोचायच्या वाटा कमी होत चालल्यात, हे मला खटकतं. तरी थंडीत बॅकवॉटरच्या चिखलावर बगळे, ढोकरी, पाणकावळे निवांत बसलेले असतात आणि सायकलला आवाज नसल्याने ते चटकन उठत नाहीत. सांगरुणला पोचलात की नद्यांचा संगम. टेमघरकडून येणारी मुठा इथे पानशेत-वरसगावच्या पाण्याला मिळते. इथून परत फिरा, धायरीपासून जाऊन-येऊन ४०-४५ किमी होतील. वाटेत हॉटेलं फारशी नाहीत, दोन बाटल्या पाणी आणि थोडा चिवडा-चिक्की बरोबर असू द्या.

उन्हाळ्यात पाणी दिसेल का, हेही तुम्ही विचारलंय. दिसतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत खडकवासला सगळ्यात लहान, पुरते दोन टीएमसी (अब्ज घनफूट) पाणीही नाही, तर पानशेत साडेदहाच्या वर आणि वरसगाव पावणेतेराच्या आसपास. पण पुण्याला लागणारं पाणी वरच्या धरणांतून सोडून इथेच आणतात. त्यामुळे मे महिन्यात पानशेतच्या काठावर लाल मातीचे रुंद पट्टे उघडे पडलेले असतात, तेव्हाही खडकवासल्यात बऱ्यापैकी पाणी असतं. त्याच दिवसांत डोणजे फाट्यापाशी करवंदं-जांभळं द्रोणात घेऊन आसपासच्या वाड्यांतल्या बाया बसतात. थांबायला एवढं कारण पुरे.

पानशेतला गेलात तर धरणाकडे बघताना जुन्या पुणेकरांना १२ जुलै १९६१ आठवतो. नवं पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने इंग्रजांच्या काळातलं खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठचं पुणे पाण्याखाली गेलं. तुम्ही ज्या रस्त्याने पेडल मारत आलात, साधारण त्याच खोऱ्याने ते पाणी खाली आलं.

सिंहगडाचा घाट मी मुद्दाम शेवटी ठेवला. पुण्यातला प्रत्येक सायकलवाला तुम्हाला तो सुचवेल. गोळेवाडीच्या नाक्यापासून वर सुमारे नऊ किमी, सहाशे मीटरच्या आसपास चढ. व्यायाम म्हणून उत्तम, पण निसर्ग बघायला जायचं असेल तर तुमची नजर सारा वेळ पुढच्या चाकावर असते. वर मडक्यातलं दही आणि पिठलं-भाकरी मिळते, ते मात्र पूर्ण वसूल. उतरताना ब्रेक सलग दाबून धरू नका, सोडत-दाबत या, नाहीतर रिम ब्रेक असेल तर रिम चटका बसेल इतकी तापते. पावसाळ्यात दरड पडून घाट मध्येच बंद होतो, निघण्याआधी विचारून घ्या. त्याच घाटात एक फाटा कोंढणपूरला उतरतो. तिथून खेड शिवापूर आणि जुन्या कात्रज घाटाने परत आलात तर छान गोल होतो, फक्त खेड शिवापूरनंतर हायवेवरच्या ट्रकांची तयारी ठेवा. खानापूरहून पाबे घाटाने वेल्ह्याला जाणं हा या भागातला सगळ्यात देखणा रस्ता, राजगड-तोरणा दोन्ही समोर येतात. पण तो शंभरीचा दिवस आहे, पाय तयार झाल्यावर.

सामान फार नको. एक जादा ट्यूब, पंप, मागचा लाल दिवा आणि हेल्मेट. खानापूरच्या पुढे पंक्चरवाला मिळाला तरी त्याच्याकडे तुमच्या मापाची ट्यूब नसते. पहाटे नांदेड फाट्याच्या आसपास कुत्री मागे लागतात, तेव्हा वेग वाढवण्यापेक्षा उतरून सायकल मध्ये धरून चाललेलं बरं. आणि कितीही उकडलं तरी बॅकवॉटरमध्ये उतरू नका. काठ उथळ दिसतो, खाली गाळ आणि एकदम खोली असते, दरवर्षी कुणी ना कुणी जातं.

तुमच्या जागी मी असतो तर सुरुवात कुडजे-सांगरुणने केली असती, ऑक्टोबरच्या अखेरीस. तेव्हा तलाव भरलेला असतो, भात पिवळं पडायला लागलेलं असतं आणि चौपाटीवरची गर्दीही ओसरलेली असते.