अफगाण-अरब इतिहास वाचायला घेताय?

आधी एक गोष्ट पक्की करा: अफगाण म्हणजे अरब नव्हेत. पश्तू आणि दारी या इराणी शाखेतल्या भाषा, अरबीचं कूळच वेगळं. दोन्ही इतिहास एकाच कप्प्यात कोंबलेत तर गोंधळ ठरलेला.

बहुतेक जण थेट २००१ पासून सुरुवात करतात. तसं करू नका. अब्दाली आपल्याला पानिपतामुळे माहीत असतो. पण १७४७ मध्ये कंदाहारला त्याने राज्य उभं केलं, तिथून निघा. मग १८४२ ची ब्रिटिश फौजेची काबूलमधून माघार सावकाश वाचा. ६ जानेवारीला साडेचार हजारांच्या आसपास सैनिक आणि सुमारे बारा हजार बुणगे बर्फातून निघाले. सैनिकांत बहुसंख्य हिंदुस्थानी शिपाई. १३ तारखेला फौजेतला ब्रिटिश डॉक्टर ब्रायडन जखमी अवस्थेत, दमलेल्या घोड्यावर जलालाबादला पोचला. पुढे चित्र निघालं ते त्याचं. त्या शिपायांचं काय झालं हे सांगणारं पुस्तक मिळालं तर हातचं सोडू नका, माझ्या लेखी तेच खरं पुस्तक.

सोव्हिएत फौजा १९७९ मध्ये आल्या, तिथपासूनच्या काळासाठी स्टीव्ह कोल यांचं ‘घोस्ट वॉर्स’ घ्या. रोख सीआयएवर आहे, एवढं ध्यानात ठेवा.

अरबांकडे वळलात की १९१६ चा साइक्स-पिको करार येईल, म्हणजे ऑटोमन तुर्कांचे अरब प्रदेश आपसात वाटून घ्यायचा ब्रिटन-फ्रान्सचा गुप्त करार. तेव्हा नकाशा आणि पेन्सिल घेऊन बसा. भूमध्य समुद्रावरचं अक्का ते आजच्या इराकातलं किर्कुक अशी वाटणीची रेघ ओढा. फ्रेंचांच्या वाट्याला ठरलेलं मोसुल शेवटी इराकात कसं गेलं, ते शोधत पुढे वाचा.