उसावर विमान उडेल का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही बायोमासपासून, म्हणजे झाडं, पिकं, काड, तेल-चरबी अशा सजीवांपासून मिळणाऱ्या मालापासून बनणाऱ्या विमानाच्या इंधनावर, म्हणजे ज्याला सगळे सॅफ (सस्टेनेबल एव्हिएशन फ्युएल) म्हणतात त्यावर, अर्ध्या पानाची माहिती दिली होती. त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पत्रं थोडी छोटी केलीत.

प्रश्न : आमच्या कारखान्याची डिस्टिलरी आहे. सभेत सांगितलं की आता उसापासून विमानाचं इंधन होणार आणि दर वाढणार. खरंच होतं का असं? (एक ऊस उत्पादक, सांगली जिल्हा)

दादा, इंधन होतं, त्यात शंका नाही. 19 मे 2023 ला पुण्याहून दिल्लीला एअरएशिया इंडियाचं प्रवासी विमान गेलं ना, त्यात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून बनवलेलं सॅफ मिसळलेलं होतं, इंडियन ऑइलने ते पुरवलं होतं, प्रमाण होतं एक टक्क्यापर्यंत. आणि नुसत्या इथेनॉलपासून जेट फ्युएल करायचा मोठा कारखाना अमेरिकेत जॉर्जिया राज्यात लांझाजेट कंपनीने जानेवारी 2024 मध्ये उघडला. इथेनॉलमधून पाणी काढायचं, मग इथिलीन वायू मिळतो, त्याचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करायच्या आणि शेवटी हायड्रोजन द्यायचा, एवढीच ती गोष्ट आहे.

पण दराचं म्हणाल तर आधी हा हिशेब बघा. एक टन उसाच्या रसापासून साधारण 70 लिटर इथेनॉल मिळतं, म्हणजे 55 किलो. आता 46 किलो इथेनॉलमधून कितीही हुशारी केली तरी 28 किलोच इथिलीन निघतं, बाकीचं पाणी होऊन जातं, हा निसर्गाचाच नियम आहे, त्यात कुणी काही करू शकत नाही. म्हणजे टनाला फार तर 33 किलो, आणि त्यातलंही थोडं डिझेल नाहीतर गॅस म्हणून बाजूला पडतं, म्हणून 30 किलो धरू. पुणे-दिल्लीसारख्या दोन तासांच्या फेरीला एअरबस 320 विमान ढोबळमानाने पाच टन इंधन खातं. म्हणजे एका फेरीचं सगळं इंधन उसाचं करायचं ठरवलं तर दीडशे ते पावणेदोनशे टन ऊस लागेल. एकरी 32 टन धरला तर पाच एकराच्या आसपास ऊस एका फेरीत संपला! आणि देशात विमानाचं इंधन लागतं वर्षाला 80 लाख टनांच्या वर.

शिवाय तुमचं इथेनॉल आज पेट्रोलमध्ये जातंय, तिथं मागणी आहेच. आणि डिसेंबर 2023 मध्ये काय झालं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहितीये, पाऊस कमी झाला, ऊस कमी पडणार दिसलं आणि सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका रात्रीत बंदी घातली, ती उठली ऑगस्ट 2024 मध्ये. विमान कंपनीला दहा-पंधरा वर्षांचा करार लागतो, तो अशा परिस्थितीत कोण करणार? म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की मळीचं, जादा राहिलेलं इथेनॉल इकडे वळवायला हरकत नाही, पण विमानासाठी म्हणून नवीन उसाची लागण कुणी करू नये, मराठवाड्यात तर नाहीच नाही, पाणी कुठून आणायचं? तुमच्या शेतातल्या ज्या वस्तूला विमान उद्योगात खरी किंमत येऊ शकते ती रसात नाही, चिपाडात आहे, त्याचं खाली बोलू.

प्रश्न : इथेनॉल गाडीत चालतं तर विमानात थेट का नाही घालत? एवढी प्रोसेस कशाला? (बीएस्सीची विद्यार्थिनी, लातूर)

तीन कारणं आहेत. इथेनॉलमध्ये किलोमागे सुमारे 27 मेगाज्यूल ऊर्जा आणि जेट फ्युएलमध्ये 43, म्हणजे तेवढंच अंतर जायला कितीतरी जास्त वजन उचलून न्यावं लागेल. दुसरं, इथेनॉल 13 अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, जेट फ्युएलला ही मर्यादा किमान 38 अंश असावी असा नियम आहे. आणि तिसरं म्हणजे ते पाणी ओढून घेतं, वर थंडीत पाणी गोठलं की फिल्टर तुंबले. सगळ्याचं मूळ एकच आहे, ऑक्सिजन. वाळलेल्या लाकूडफाट्यात, काडात वजनाच्या 40 टक्क्यांच्या वर ऑक्सिजन असतो आणि विमानाला तो इंधनात अजिबात नको असतो. या क्षेत्रातलं निम्मं संशोधन हे तो ऑक्सिजन कमीत कमी हायड्रोजन खर्चून, कमीत कमी कार्बन गमावून बाहेर कसा काढायचा याचंच आहे.

प्रश्न : पंधरा-वीस वर्षांपूर्वी आम्हाला जट्रोफा लावायला सांगितलं, पडीक जमिनीत पैसा उगवेल म्हणाले. झाडं आली, गिऱ्हाईक आलं नाही. आता परत तेच सुरू होणार का? (यवतमाळ जिल्हा)

तुमचा राग अगदी बरोबर आहे. 2003 साली नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफावर, आपल्याकडे मोगली एरंड म्हणतात तो, मोठा बायोडिझेल कार्यक्रम सुचवला आणि देशभर लागवडी झाल्या. पण जे झाड पडीक जमिनीत जगतं ते तिथं भरपूर बी देईलच असं नसतं, बी पाहिजे तर पाणी आणि खत लागतंच. फळं एकदम पिकत नाहीत, हाताने पुन्हा पुन्हा तोडणी करावी लागते, मजुरी परवडत नाही. आणि पेंड विषारी, जनावरांना घालता येत नाही, म्हणजे जोडउत्पन्नही गेलं.

इंधन मात्र चांगलं झालं, हेही सांगितलं पाहिजे. डेहराडूनच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोलियमने याच बियांच्या तेलापासून जेट फ्युएल केलं, 27 ऑगस्ट 2018 ला स्पाइसजेटचं विमान त्याचं 25 टक्के मिश्रण घेऊन डेहराडूनहून दिल्लीला गेलं, बी छत्तीसगडच्या शेतकऱ्यांकडून आलं होतं. 26 जानेवारी 2019 ला हवाई दलाचं एएन-32 विमान 10 टक्के मिश्रणावर राजपथावरून उडालं. म्हणजे प्रयोगशाळेने आपलं काम चोख केलं आणि शेतावरचं गणित कुणी नीट केलंच नाही. उद्या कुणी करंज किंवा आणखी कुठलं झाड घेऊन आलं तर आधी लेखी खरेदीची हमी आणि तुमच्याच तालुक्यातल्या जमिनीवरचं उत्पादन मागा, दुसऱ्या राज्यातले आकडे चालवून घेऊ नका.

प्रश्न : माझा भजी-वड्यांचा व्यवसाय आहे. तळणीचं तेल विमानासाठी घेतात म्हणे, खरं का? आणि ते जळून शेवटी धूरच होणार ना, मग फायदा काय? (एक ताई, नागपूर)

हो ताई, खरं आहे. आज जगात जेवढं सॅफ बनतं त्यातलं बहुतेक सगळं तळणीचं तेल आणि प्राण्यांची चरबी यापासूनच बनतं. तेलावर हायड्रोजन सोडून ऑक्सिजन काढतात, मग साखळ्या तोडून आणि त्यांना फांद्या फोडून घेतात. फांद्या का, तर सरळ साखळ्या थंडीत गोठतात, थंडीत आपलं खोबरेल बाटलीत घट्ट होतं ना तसंच, आणि जेट ए-1 इंधन उणे 47 अंशांपर्यंत पातळ राहायलाच पाहिजे. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला तळणीच्या तेलापासून सॅफ करायचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट 2025 मध्ये मिळालंय, क्षमता वर्षाला 35,000 टन ठरलीये.

फायद्याचं म्हणाल तर धूर तोच, पण त्यातला कार्बन झाडाने नुकताच हवेतून घेतलेला असतो, जमिनीखालून काढलेला नसतो. कच्चा माल मिळवण्यापासून जाळण्यापर्यंत सगळं धरून साध्या जेट फ्युएलचा आकडा एका मेगाज्यूलला 89 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवलाय आणि तळणीच्या तेलाचा 13.9. केवढा फरक! पण सगळंच सॅफ असं स्वच्छ नसतं, अमेरिकेतल्या मक्याच्या इथेनॉलपासून केलेलं घेतलं आणि त्या मक्यासाठी दुसरीकडे मोडलेल्या जमिनीचा हिशेबही धरला तर ते जवळजवळ साध्या इंधनाच्याच बरोबरीला येतं. म्हणून 'बायो' शब्द बघून खूश व्हायचं नाही, कशापासून केलं ते विचारायचं.

तुमच्या तेलाचं सांगायचं तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, वापरलेलं तेल गोळा करायची रुको नावाची योजना 2018 पासून आहे, नोंदणी असलेला संकलकच तेल नेतो. खराब घटक, ज्यांना टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल तळायला वापरता येत नाही असा नियमच आहे. तेव्हा ते गाळून परत कढईत टाकणाऱ्याला किंवा रस्त्यावरच्या स्वस्त गाड्यांना देऊ नका, पावती देणाऱ्याला द्या. लोकांच्या पोटात जाण्यापेक्षा ते विमानात गेलेलं केव्हाही चांगलं.

प्रश्न : मी विमान देखभालीत आयुष्य घालवलं, आता रिटायर. सॅफ 50 टक्क्यांच्या वर मिसळायला परवानगी नाही असं वाचलं. इंजिन बिघडतं का? (नाशिक)

काका, तुमचा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं कारण या विषयातलं सगळ्यात सुंदर संशोधन इथंच आहे. इंजिनाला काही होत नाही, अडचण सीलची आहे. तुम्ही हाताने बदललेत ते नायट्राइल रबरचे ओ-रिंग, म्हणजे जोडातून इंधन गळू नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्या. साध्या जेट फ्युएलमध्ये ॲरोमॅटिक्स, म्हणजे बेंझिनसारखी कार्बनची कडी असलेले रेणू, असतात, ते रबरात शिरून त्याला किंचित फुगवतात आणि त्या फुगण्यावरच जोड घट्ट बसतो. तेलापासून किंवा इथेनॉलपासून केलेल्या बहुतेक सॅफमध्ये ॲरोमॅटिक्स जवळजवळ नसतातच, मग वर्षानुवर्षं फुगलेलं जुनं सील आकसतं आणि गळती सुरू होते. म्हणून मिश्रणात किमान 8 टक्के ॲरोमॅटिक्स राहिले पाहिजेत असा नियम आहे आणि मिसळण्याची मर्यादा जास्तीत जास्त 50 टक्के, काही प्रकारांना तर 10 टक्केच. 28 नोव्हेंबर 2023 ला व्हर्जिन अटलांटिकचं बोइंग 787 लंडनहून न्यूयॉर्कला पूर्ण सॅफवर गेलं तेव्हा त्यांनी 88 टक्के चरबी-तेलाचं इंधन घेतलं आणि उरलेले 12 टक्के वनस्पतींच्या साखरेपासून मुद्दाम बनवलेलं ॲरोमॅटिक केरोसीन घातलं, ते विशेष परवानगीचं उड्डाण होतं.

आता गंमत अशी की हेच ॲरोमॅटिक्स जळताना काजळी करतात, काजळीच्या कणांवर बर्फ जमतो आणि विमानामागची ती पांढरी रेघ तयार होते, ती जमिनीची उष्णता अडवते. जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संशोधन संस्थेच्या आणि नासाच्या शास्त्रज्ञांनी उडत्या विमानाच्या मागे दुसरं विमान नेऊन मोजलं, मिश्रण वापरल्यावर बर्फाचे कण 50 ते 70 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे सील फुगवायला ॲरोमॅटिक्स हवेत आणि आकाशासाठी ते नकोत!

यावर उत्तर सापडतंय ते लिग्निनमध्ये. उसाच्या चिपाडात, काडात, लाकडात सेल्युलोजच्या धाग्यांना धरून ठेवणारा जो कडक भाग असतो तो लिग्निन, इथेनॉल करणारे तो उरला की बॉयलरमध्ये जाळून टाकतात. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत बिन यांग यांच्या गटाने लिग्निनपासून अशी वर्तुळाकार हायड्रोकार्बन्स केली की ती सील फुगवतात पण ॲरोमॅटिक्ससारखी काजळी करत नाहीत. एमआयटी आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने 2022 मध्ये मॉलिब्डेनम कार्बाइडच्या कॅटॅलिस्टवर (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थावर) लिग्निनचा ऑक्सिजन काढून जेटच्या मापाचे ॲरोमॅटिक्स सलग पद्धतीने करून दाखवले. हे सगळं अजून प्रयोगशाळेच्या पातळीवर आहे, लिग्निन प्रत्येक झाडात वेगळं असतं आणि कॅटॅलिस्ट लवकर मरतो. पण जिथं जगातला एवढा ऊस गाळला जातो त्या आपल्या राज्यात हे काम जोरात व्हायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, एनसीएल, कॅटॅलिस्टसाठी नावाजलेली आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने, आयसीटीने, काडा-चिपाडापासून इथेनॉल करायचं तंत्र काढून 2016 मध्ये उत्तराखंडात काशीपूरला प्रात्यक्षिक प्लँट उभा केला, रोज 10 टन कच्च्या मालाचा. माणसं आहेत, ज्ञान आहे, चिपाडाचे डोंगर आहेत.

प्रश्न : पऱ्हाटी, तुरीच्या तुऱ्हाट्या, पाचट हे सगळं आम्ही जाळतो. त्यापासून का नाही करत? कधी होणार? (अमरावती, आणि अशाच अर्थाची आणखी पत्रं)

करता येतं. सगळं भट्टीत वायू करायचं, वायू धुवून घ्यायचा आणि त्याचं फिशर-ट्रॉप्श पद्धतीने इंधन करायचं, या मार्गाला विमानासाठी मान्यता 2009 मध्येच मिळालीये. पण काड्या, कचरा यातून डांबर सुटतं, क्लोरीन, राख येते, ती धुता धुता नाकी नऊ येतात. अमेरिकेत नेवाडात फुलक्रम कंपनीने शहराच्या कचऱ्यावर असा कारखाना उभा केला, तो मे 2024 मध्ये थांबला आणि सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. दुसरा मार्ग आधी इथेनॉल करायचा. पानिपतला 2022 पासून भाताच्या काडापासून इथेनॉल करायचा प्लँट आहे, तंत्रज्ञान प्राजचंच, वर्षाला दोन लाख टन काड घेऊन तीन कोटी लिटर करायचा आराखडा. दोन लाख टन काड म्हणजे काय याचा विचार करा, कापणीनंतरच्या थोड्या दिवसांत ते बांधून, उचलून, पावसापासून वाचवून वर्षभर पुरवायचं. पऱ्हाटीचं तर बेलिंगही, म्हणजे यंत्राने गठ्ठे बांधणंही, नीट होत नाही, ती आडवी-तिडवी, हलकी, ट्रक भरतो पण वजन भरत नाही.

त्यामुळे तालुक्याच्या पातळीवर कुट्टी करून, दाबून गोळा करायची केंद्रं आधी हवीत, एफपीओ, म्हणजे शेतकरी उत्पादक कंपन्या, हे काम करू शकतात, आणि आज ब्रिकेटवाले, म्हणजे काडीकचरा दाबून जळणाच्या कांड्या करणारे, पऱ्हाटी घेतातच, तिथून सुरुवात होऊ शकते. सरकारने ठरवलेलं लक्ष्य आहे आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027 मध्ये 1 टक्का आणि 2028 मध्ये 2 टक्के सॅफ. युरोपात 2025 पासून 2 टक्के सक्तीचं झालंय, 2030 ला 6 टक्के. किंमत अजून साध्या इंधनाच्या दुप्पट ते पाचपट पडते, म्हणून सक्तीशिवाय कुणी आपणहून घेणार नाही. आपल्याकडचे पहिले टक्के तळणीच्या तेलातून आणि मळीच्या इथेनॉलमधून येतील, तुमच्या पऱ्हाटीचा नंबर त्यानंतर. तोवर निदान ती पेटवू नका, रोटाव्हेटरने शेतातच बारीक करा, फक्त गुलाबी बोंडअळी असेल तर ती पऱ्हाटी शेतात ठेवू नका, कृषी सहाय्यकाला विचारून विल्हेवाट लावा.