सीपीएची मदत आणि तुझी सही

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतले तुझे कराचे विवरणपत्र सीपीएकडून (तिथल्या परवानाधारक हिशेबतज्ज्ञाकडून) भरून घेतले आहे, तेव्हा पुढेमागे चूक निघाली तर ती निस्तरणे त्याचे काम, असे तू लिहिलेस. ही समजूत अर्धीच खरी आहे. निष्काळजीपणामुळे कर कमी भरला गेला, तर त्या कमी पडलेल्या रकमेच्या २० टक्के दंड करदात्यालाच होतो. मात्र वाजवी कारण होते आणि हेतू प्रामाणिक होता हे सिद्ध केले, तर त्यातून सुटका होऊ शकते, आणि जाणकाराच्या सल्ल्यावर विसंबणे हे असे कारण ठरू शकते. मूळ कर आणि व्याज मात्र भरावेच लागते.

२००० साली निओनेटॉलॉजी असोसिएट्सच्या खटल्यात तिथल्या करन्यायालयाने तीन कसोट्या घातल्या: सल्लागार त्या विषयात पुरेसा जाणकार असावा, त्याला आवश्यक ती सर्व माहिती खरी दिलेली असावी, आणि करदाता त्याच्या मतावर खरोखर व सद्भावाने विसंबलेला असावा. यातली दुसरी कसोटी मला सर्वांत अवघड वाटते. सीपीएकडे डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला पगार व कपातीचा दाखला) पाठवला, पण भारतातल्या ठेवींवरचे व्याज ‘त्याने विचारलेच नाही’ म्हणून कळवले नाही, तर त्याच्या मौनाला सल्ला म्हणता येणार नाही. म्हणून कागद ईमेलने पाठव, शंका लेखी विचार, उत्तरे जपून ठेव, आणि सहीपूर्वी विवरणपत्र स्वतः वाच. न वाचता सही केली आणि चूक सहज दिसणारी असली, तर सल्लागाराकडे बोट दाखवून भागत नाही. करबचतीची योजना विकणाराच तिची ग्वाही देत असेल, तर तो सल्ला नव्हे, जाहिरात आहे.

मुदतीची गोष्ट निराळी. बॉइल खटल्यात मृताच्या मालमत्तेचे विवरणपत्र वकिलाच्या कचेरीतल्या चुकीमुळे सुमारे तीन महिने उशिरा गेले, तरीही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उशिराचा दंड कायम ठेवला, कारण कायद्याचा अर्थ लावायला तज्ज्ञ लागतो, पण मुदत पाळायला लागत नाही. तेव्हा ‘पाठवतो’ एवढ्या निरोपावर थांबू नकोस. विवरणपत्र स्वीकारल्याची ई-फायलिंगची पोच मुदतीआधी सीपीएकडून मागून घे.

तुझा हितचिंतक