जुन्या अँबॅसेडरचे सीबी पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) घरी सेट करायला खास हत्यारं लागतात का? (गाडी रत्नागिरीत असते)

नाही, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि पॉइंट घासायची बारीक कानस पुरते. आमची गाडीही किनाऱ्यावरच असते, पॉइंट मीच सेट करतो. लुकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, पॉइंट यातच असतात) गॅप, म्हणजे पॉइंटमधली फट, ०.०१४ ते ०.०१६ इंच ठेवा, म्हणजे साधारण ०.३५ ते ०.४० मिमी. इंजिन हाताने फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या भागाच्या) टोकावर आणा, मगच मोजा. गेजची पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे. मात्र खाऱ्या दमट हवेत पॉइंटवर गंज लवकर धरतो, त्यात वापराने एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो. गेज त्या उंचवट्यावर टेकतं आणि खरी गॅप जास्त राहते. असे पॉइंट बदललेलेच बरे. पॉलिश पेपर अजिबात नको, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात.

एक खर्च मात्र करा: ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश बंद राहतात ते मोजणारा) मिळाला तर घ्या, झिजलेल्या पॉइंटवरही तो खरं सांगतो, ६० अंशांच्या आसपास आकडा हवा. गॅप बदलली की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) सरकतं, गॅप वाढली तर ठिणगी आधी पडते. म्हणून शेवटी टायमिंग तपासाच, त्याला साधा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्पही चालतो.