जीन टेस्टमध्ये ‘हाय रिस्क’ आलंय, आता काय?

प्रश्न : आई, मावशी, मामा सगळ्यांना शुगर आणि सगळेच अंगाने भारी. माझंही वजन वाढतंय. जीन टेस्ट करून घेतली तर एफटीओ आणि टीसीएफ७एल२ ह्या दोन्हींपुढे लाल अक्षरात ‘हाय रिस्क’. रक्तातच असेल तर डाएट-व्यायाम करून उपयोग काय?

ताई, आधी ते लाल अक्षर बाजूला ठेवा, कारण ‘हाय’ म्हणजे नेमकं किती हाय हे असल्या रिपोर्टमध्ये बारीक अक्षरात कुठेतरी शेवटच्या पानावर असतं, असलं तर. एफटीओचंच बघा. २००७ मध्ये हा जीन पुढे आला तो खरं म्हणजे शुगरच्या शोधात, शुगर असलेल्या आणि नसलेल्या हजारो लोकांचे डीएनए ताडून बघताना, आणि मग लक्षात आलं की वजनाचा हिशोब वेगळा काढला की त्याचा शुगरशी संबंधच उरत नाही, म्हणजे हा थेट शुगर करत नाही, आधी वजन वाढवतो आणि मग त्या वाटेने शुगर येते. बरं वजन तरी किती वाढवतो? आई आणि वडील दोघांकडूनही रिस्कवाली प्रत आली असेल तर, एकही प्रत नसलेल्या माणसापेक्षा सरासरी ३ किलोच्या आसपास. तीस नाही, तीन! आणि युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण सहातला एक असा दोन प्रतींवाला असतो, म्हणजे काही दुर्मिळ भानगड नाही ही.

हा फरक मुख्यतः भुकेच्या बाजूने काम करतो, पोट भरल्याची जाणीव जरा कमी किंवा उशिरा होते आणि दोन घास जास्त जातात. (गंमत म्हणजे फरक एफटीओमध्ये असला तरी त्याचा परिणाम डीएनएवर बऱ्याच लांब असलेल्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ ह्या जीनवरही होतो असं नंतर दिसलं, नाव एकाचं आणि काम दुसऱ्याचं.) आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. २०११ मध्ये दोन लाखांहून जास्त प्रौढांची माहिती एकत्र करून पाहिलं तर जे अंग हलवतात त्यांच्यात ह्या जीनचा लठ्ठपणावरचा परिणाम बसून राहणाऱ्यांपेक्षा साधारण २७ टक्के कमी निघाला. जीन तोच, परिणाम कमी.

टीसीएफ७एल२ मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याचा शुगरशी संबंध २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी दाखवला आणि नेहमी आढळणाऱ्या फरकांमध्ये टाईप २ शी सगळ्यात घट्ट संबंध ह्याचाच. एका प्रतीने धोका साधारण १.४ पट, दोन असतील तर दुपटीच्या आसपास. हा स्वादुपिंडाच्या बीटा पेशींना ढिलं करतो, साखर वाढली की इन्सुलिन जेवढं सुटायला हवं तेवढं सुटत नाही. पण अमेरिकेत प्री-डायबेटिस, म्हणजे शुगरच्या उंबरठ्यावर, असलेल्या तीन हजारांवर लोकांचा मोठा अभ्यास झाला होता, त्यात ७ टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम एवढंच करायला सांगितलेल्या गटात शुगर होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. मग त्याच लोकांचे जीन तपासले. तुलनेसाठी नुसती औषध नसलेली खोटी गोळी दिलेल्या गटात टीसीएफ७एल२ च्या दोन प्रतीवाल्यांना शुगर होण्याचं प्रमाण चांगलंच जास्त होतं, पण चालणाऱ्या, वजन उतरवणाऱ्या गटात तो फरक जवळजवळ पुसला गेला होता. म्हणजे उपयोग आहे, आणि तुमच्यासारख्यांनाच जास्त आहे.

आणि एक सांगते, रागवू नका. आई, मावशी, मामा असं तुम्ही लिहिलंत तेव्हाच निम्मा रिपोर्ट हातात आला होता. आता पैसे घालायचेच असतील तर दरवर्षी उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ह्यावर घाला. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्क्यांमध्ये आलं तर प्री-डायबेटिस, तिथेच पकडायचं.

प्रश्न : माझा भाऊ माझ्या दुप्पट दिसतो, त्याची शुगर नॉर्मल. मी काटकुळा, मला टाईप २. हा काय न्याय?

न्याय नाहीच दादा. जाडीचे जीन आणि शुगरचे जीन ह्यांच्या याद्या काही ठिकाणी एकमेकींत मिसळतात पण एकच नाहीत, वर टीसीएफ७एल२ पाहिलाच. चरबी कातडीखाली निमूट साठवणाऱ्याचं वजन दिसतं पण त्रास कमी, लिव्हरमध्ये आणि पोटाच्या आत साठवणाऱ्याचं उलट, आणि कुठे साठवायचं हेही बरंचसं जीनच ठरवतात. सामोआ बेटांवरच्या लोकांत २०१६ मध्ये सीआरईबीआरएफ जीनमधला एक फरक सापडला, तो वजन चांगलंच वाढवतो आणि तरी शुगरचा धोका कमी करतो! भावाला मात्र तेवढ्यावर निर्धास्त राहू देऊ नका, बीपी आणि गुडघे जीन बघत नाहीत.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याची लठ्ठपणाची जीन टेस्ट आत्ताच करू का?

नको. अपवाद एकच, पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच वजन झपाट्याने वाढलं असेल आणि भूक कशानेच भागत नसेल तर मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा, कारण लेप्टिन (पोट भरल्याचं मेंदूला सांगणारं हार्मोन) किंवा एमसी४आर सारख्या एकाच जीनचा दोष असू शकतो आणि लेप्टिनच नसेल तर त्याची इंजेक्शनं आहेत.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, बारीक. शुगर निघाली, टाईप १ म्हणून इन्सुलिन चालू आहे. ह्यांनाही पंचविशीतच शुगर झाली होती, सासऱ्यांनाही तशीच लवकर. योगायोग म्हणायचा का?

मी नाही म्हणणार. तीन पिढ्या, लहान वय, जाडी नाही, हे ऐकलं की ‘मोडी’चा (MODY, लहान वयात होणारी आणि घराण्यात उतरणारी वेगळी शुगर) विचार करायलाच हवा. ह्यात एकाच जीनमधला बदल असतो आणि तो मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के. वरच्या बाईंना जीन टेस्टवर पैसे घालू नका म्हटलं, तुम्हाला उलट सांगते, कारण इथे रिपोर्टने औषधच बदलू शकतं. एचएनएफ१ए जीनचा दोष असेल तर सल्फोनिलयुरियाच्या छोट्या डोसच्या गोळीवर शुगर छान आवरते आणि बऱ्याच जणांचं इन्सुलिन सुटतं. जीसीके जीनचा असेल तर उपाशीपोटीची शुगर वर्षानुवर्षं १०० ते १४५ च्या मधेच रेंगाळते, फारशी वाढत नाही आणि गरोदरपण सोडलं तर सहसा औषधच लागत नाही.

पण आधी दोन साध्या रक्ततपासण्या करा, टाईप १ च्या अँटीबॉडी (शरीर स्वतःच्याच बीटा पेशींवर उलटल्याची खूण) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन किती बनवतं ते सांगणारं). अँटीबॉडी नाहीत आणि सी-पेप्टाइड अजून बरं आहे असं आलं, तर डॉक्टरांना तीन पिढ्यांची माहिती लिहून द्या, कोणाला कितव्या वर्षी, वजन किती होतं, सुरुवातीला गोळी लागली की इन्सुलिन, आणि मोडीची टेस्ट करायची का असं सरळ विचारा. तुमच्या यजमानांचीही बरोबरच करून घ्या, मुलीत सापडलं तर त्यांचीही औषधं बदलू शकतात. तोवर तिचं इन्सुलिन मनाने बंद करायचं नाही, एक दिवसही नाही.