पिकअपला ८.५ जे, झिरो ऑफसेटचे अलॉय टाकू का? दुकानदार म्हणतो बसतात

भाऊ, दुकानदार खोटं नाही बोलायला, बसतात. तुमच्या हबला सहा बोल्ट, पीसीडी (बोल्ट ज्या गोलावर बसतात त्याचा व्यास) १३९.७ मिमी, अलॉयलाही सहा भोकं अन पीसीडी १३९.७, म्हणजे नट आवळले जाणार हे नक्की. पण त्याच्या लेखी "बसतंय" एवढ्यावरच संपतं. पुढं स्टेअरिंग पूर्ण वळवून, मागं सोयाबीनची पोती भरून गाडी खड्ड्यात गेली की ते चाक कुठं घासतंय हे तो बघत नसतो, ते तुम्हालाच बघावं लागतं.

तुम्ही लिहिलंय की मूळ डिस्क, म्हणजे स्टीलचा रिम, १६ इंची, ७ जे (७ इंच रुंद), ईटी ३० आहे अन नवीन अलॉय १७ इंची, ८.५ जे, ईटी झिरो, बॅकस्पेसिंग पावणेपाच इंच. आणि विचारलंय की हे ऑफसेट अन बॅकस्पेसिंग दोन वेगळे प्रकार आहेत का, अन त्यातला कोणता धरायचा. माझं जालन्यात व्हील अलाइनमेंटचं काम आहे, रोज याच भानगडी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोष्ट एकच मोजतात, फक्त सुरुवात वेगवेगळ्या जागेवरून करतात. चाकाचा जो भाग हबला टेकतो ती झाली बसायची जागा. आता रिमच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक रेष समजा. बसायची जागा त्या मधल्या रेषेपासून किती मिमी बाजूला आहे, तो ऑफसेट, त्यालाच चाकावर ईटी म्हणून छापलेलं असतं. ती जागा मधल्या रेषेच्या बाहेरच्या अंगाला असली तर प्लस, म्हणजे चाक आत घुसतं. गाडीच्या आतल्या अंगाला असली तर मायनस, चाक बाहेर येतं, ते खोल थाळीसारखे रिम दिसतात ना जीपांना, ते. बरोबर मधोमध असली तर झिरो. अन बॅकस्पेसिंग म्हणजे रिमच्या आतल्या काठापासून त्याच बसायच्या जागेपर्यंतचं अंतर, हे बहुतेक इंचात सांगतात.

आता यात एक मेख आहे, जी दुकानात कोणी सांगत नाही. ८.५ जे म्हणजे साडेआठ इंच ही रुंदी टायर जिथं बसतो तिथली, आतल्या आत मोजलेली. रिमचे दोन्हीकडचे काठ धरले की साधारण एक इंच वाढतो. बॅकस्पेसिंग मात्र काठापासून मोजतात. म्हणून साडेआठच्या रिमचं अर्धं सव्वाचार नाही धरायचं, साडेनऊचं अर्धं पावणेपाच धरायचं, अन त्यात ऑफसेटचे मिमी २५.४ नं भागून मिळवायचे. झिरो ऑफसेटला मिळवायला काहीच नाही, म्हणून तुमच्या दुकानदाराचा पावणेपाच आकडा बरोबर आहे. तुमच्या मूळ डिस्कचं काढलं तर आठचं अर्धं चार, अधिक ३० मिमीचे १.१८, म्हणजे ५.१८ इंच.

आता आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. आतल्या बाजूला ५.१८ चं ४.७५ झालं, म्हणजे आत ११ मिमी जागा उलट वाढली. सस्पेन्शनचा वरचा आर्म, शॉकअप, तिकडं काही घासणार नाही, तिकडून बिनघोर राहा. पण बाहेर काय झालं? मूळ रिम बसायच्या जागेपासून ५९ मिमी बाहेर येत होता (७ इंचाचे अर्धे ८८.९ मिमी, त्यातून ३० वजा), नवीन येणार १०८ मिमी. म्हणजे एका बाजूला ४९ मिमी जास्त, जवळपास दोन इंच, दोन्ही बाजू धरल्या तर गाडी चार इंच फाकली. नुसत्या बॅकस्पेसिंगवर गेलात तर वाटतं अर्ध्या इंचाचाच तर फरक आहे, नुसत्या ऑफसेटवर गेलात तर वाटतं ३० मिमीचा फरक आहे, अन खरं चाक येतंय ४९ मिमी बाहेर, कारण रुंदी पण वाढली. म्हणून एकट्या आकड्यावर जाऊच नका, रुंदी सोबत पाहिजेच.

तीस मिमीचा आकडा फालतू आहे असं पण नाही बरं का. टायरचा मध्य तेवढा बाहेर सरकतो, अन गाडीचा त्रास तिथंच सुरू होतो. पुढचं चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं ती रेष जमिनीला जिथं लागते, तिथून टायरचा मध्य किती लांब ठेवायचा ते कंपनीनं हिशोब करून ठरवलेलं असतं. तो मध्य ३० मिमी बाहेर गेला की खड्डा लागल्यावर स्टेअरिंगला झटका जास्त बसतो, एका बाजूचं चाक चिखलात अन दुसरं डांबरावर असताना ब्रेक मारला की गाडी ओढते. बेअरिंग अन बॉल जॉइंटवर पण तेवढी जास्त तरफ पडते, ते लगेच नाही कळत, हळूहळू आवाज यायला लागतो.

मागच्या पावसाळ्यात एक पिकअप आली होती, गिऱ्हाइकाचं म्हणणं होतं की अलाइनमेंट करून पण गाडी हातात राहात नाही. मशीनवर घेतली तर सगळे आकडे हिरवे. मग खाली वाकून बघितलं. पुढच्या मडगार्डच्या काठाचा आतला रंग उडून पत्रा चकाकत होता, अन टायरच्या खांद्यावर गोल फिरून एक बारीक चीर पडलेली, सगळीकडं एकाच उंचीला. दारावर हँडलपर्यंत काळी माती वाळून बसलेली. रिम मडगार्डच्या बाहेर दोन बोटं आलेला. आता याला अलाइनमेंट काय करणार, टायर जिथं ठेवलाय तिथं तो घासणारच. आपल्याकडच्या काळ्या मातीत ही अडचण जास्त, कारण ती माती मुरमासारखी झडून पडत नाही, मडगार्डच्या आत थर धरते, अन उन्हाळ्यात जी फट पुरेशी वाटली होती ती जुलैत उरत नाही.

बरं, मग ८.५ जे घेऊन ऑफसेट मूळचाच ३० ठेवला तर? तर रुंदीचे दीड इंच निम्मे निम्मे वाटले जातात, १९ मिमी बाहेर अन १९ मिमी आत. आतले १९ लई होतात, मूळ टायरलाच वरच्या आर्मजवळ एखादं बोट जागा असेल तर संपलं, अन वर टायर पण रुंद घेतला तर २६५ मिमीचा २८५ केल्यावर टायर स्वतःच दोन्हीकडं १० मिमी फुगतो ते वेगळं.

मला विचाराल तर ८ जे, ईटी २० च्या आसपास बघा. बॅकस्पेसिंग येतं ५.२९, म्हणजे मूळच्या जवळपास तेवढंच, आत तीन मिमी सुद्धा सरकत नाही, अन बाहेर २३ मिमी येतं, गाडी भरलेली दिसते पण मडगार्डच्या बाहेर लोंबत नाही. ८.५ जेचा फोटोतला रुबाब येणार नाही हे मान्य, पण तुम्ही लिहिलंय की गाडी शेतात पण जाते अन महिन्यातून पुण्याला पण जाते, मांजरसुंब्याच्या घाटात भरल्या गाडीनं वळणं घ्यायची असतील तर रुबाब जरा कमी चालतो.

घ्यायच्या आधी स्वतः मोजा, चाकावर छापलेलं असलं तरी. रिम टायरशिवाय घ्या, तोंड खाली करून पोत्यावर पालथा टाका, आतल्या काठावर अँगलचा नाहीतर लाकडाचा सरळ तुकडा आडवा ठेवा, अन त्याच्या खालच्या कडेपासून हब बसायच्या जागेपर्यंत टेप सोडा. ते झालं बॅकस्पेसिंग. टायर चढवलेल्या चाकावर असं मोजायला गेलात तर टायरचा फुगवटा मध्ये येतो अन आकडा जास्त दाखवतो, तो घोळ लई जण करायलेत. मग काठापासून काठापर्यंत पूर्ण रुंदी मोजा, तिचं अर्धं बॅकस्पेसिंगमधून वजा केलं की ऑफसेट हातात.

त्यानंतर एकच चाक टायरसकट पुढं लावून बघायला मागा, चार नाही. स्टेअरिंग डावीउजवीकडं शेवटपर्यंत फिरवा, रिव्हर्समध्ये पण, अन त्या बाजूचं चाक विटांवर चढवून सस्पेन्शन दबलेलं असताना परत फिरवा. ब्रेकचा कॅलिपर अन अलॉयच्या काड्यांमध्ये किती फट आहे ते बॅटरी मारून बघा, ते ऑफसेटवरून कळत नाही, काड्यांच्या आकारावर असतं. सेंटर बोअर, म्हणजे चाकाच्या मधलं भोक, पण बघा, फॉर्च्युनरचा १०६.१ मिमी आहे अन पीसीडी तुमच्यासारखाच, म्हणून तिचे जुने अलॉय लोक स्वस्तात घेऊन कुठंही लावायलेत, पण तुमचा हब त्यापेक्षा बारीक असला तर चाक मधोमध बसवायला हब रिंग लागते, नाहीतर ऐंशीला गाडी थरथरते अन माणूस बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतो.

स्पेसरचं विचारलंय, म्हणजे हब अन चाकाच्या मध्ये टाकायची चकती. २५ मिमीचा स्पेसर टाकला की तुमचं ईटी ३० सरळ ५ होतं, हिशोब तोच, शिवाय नुसती चकती टाकली तर बोल्टवर नटाचे आटे कमी चढतात. माल वाहणाऱ्या गाडीला मी लावत नाही, कोणी आणून दिला तरी परत पाठवतो.

अन तुमच्या भावाच्या दहाटायर ट्रकचं. तिथं हे सगळं फॅशनचं नाही, गरजेचं असतं. मागच्या जोडचाकात दोन डिस्क पाठीला पाठ लावून बसतात, म्हणून बाहेरची खोलगट दिसते, अन तसलीच डिस्क पुढं लावली की फुगलेली दिसते. दोन टायरच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे ऑफसेटच्या दुप्पट. तिथं कमी ऑफसेटची डिस्क आली किंवा टायर एक साइज मोठा चढवला की उसाच्या लोडखाली टायर एकमेकाला घासतात, तापतात, अन मध्ये दगड अडकला तर दोन्ही जातात. त्याला म्हणावं डिस्क बदलताना जुनीवरचा नंबर जुळवून तीच घे.

शेवटी कागदाचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल चालत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण तेच धरलंय. मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक आरटीओला लांबूनच दिसतं, अन अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरला पण.

नट त्याच दुकानातून अलॉयच्या भोकाच्या आकाराचे घ्या, स्टील डिस्कचे जुने नट प्रत्येक अलॉयला चालत नाहीत, अन शंभरेक किलोमीटर चालवून परत एकदा पान्यानं तपासा. मूळ चाक लावलेलं असताना वरचा आर्म ते टायर किती मिमी, अन टायर ते मडगार्डचा काठ किती, हे दोन आकडे मोजून इथं टाका, मग ईटी २० घ्यायचा का २५, ते नक्की सांगतो.