परड्याला उसाचं वळण लावू नका

रोहिणी निघाली, मृग तोंडावर आला. या दिवसांत बियाणं आणि खताबरोबर घरामागच्या परड्यातल्या भाजीचेही प्रश्न येतात. यंदा जरा जास्तच आलेत. प्रत्येकाला सुटं उत्तर देण्यापेक्षा एकत्रच लिहितो, कारण वरून वेगळे दिसले तरी यातले बरेचसे प्रश्न एकाच सवयीतून आलेले आहेत. आपला कोल्हापूर जिल्हा उसाचा. एकदा लागण करायची, पाटानं मुबलक पाणी सोडायचं, एकदाच तोड घ्यायची आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, राखायचा. घरामागच्या गुंठा-अर्ध्या गुंठ्यालाही आपण नकळत तेच वळण लावतो. भाजीचा हिशेब नेमका उलटा आहे: थोडं पेरायचं, थोडं पाणी द्यायचं आणि रोज तोडायचं.

कागल तालुक्यातल्या एका ताई विचारतात: मेथी-कोथिंबीर आली की शेजारीपाजारी वाटून दमते, आणि पुढे महिनाभर बाजारातून विकत आणावी लागते. असं का?

ताई, तुम्ही सगळी पुडी एकाच दिवशी टाकता. वाफ्याचे चार तुकडे करा आणि दर 10-12 दिवसांनी एकेक तुकडा पेरा. मेथी आणि पोकळा 25-30 दिवसांत काढायला येतात, कोथिंबीर 40-45 दिवसांत. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. नाहीतर उगवण मागंपुढं होते. पोकळा मुळासकट उपटू नका, बोटभर खोड ठेवून खुडला तर दोन-तीन वेळा फुटतो.

मात्र जून ते ऑगस्ट मेथीच्या नादाला लागू नका. पाऊस झोडपतो आणि रोपं बुडख्यात कुजतात. त्या दिवसांत पोकळा, अंबाडी, अळू यांच्यावर भागवा. मेथी, पालक, चाकवत गणपतीनंतर. गौरीच्या नैवेद्याला घरचाच शेपू हवा असेल तर सणाच्या 40 दिवस आधी उंच गादीवाफ्यावर पेरा, आणि वाफा पागोळ्यांपासून लांब ठेवा.

करवीरमधून एका काकांनी फोटो पाठवलाय: टोमॅटोची पानं दोरीसारखी पिळवटलीत. दुकानदार व्हायरस म्हणतो. काय फवारू?

काही फवारू नका. फोटोत टोमॅटोच्या मागं उसाची कोवळी लागण दिसतेय आणि शेजारचा दोडक्याचा वेलही तसाच वाकडा झालाय. व्हायरस असता तर एक झाड इथं, एक तिथं असा पसरला असता. पानं वर वळून वाटीसारखी झाली असती, कडा पिवळ्या पडल्या असत्या आणि पानाखाली पांढरी माशी सापडली असती. तुमच्याकडं उसाच्या बाजूची सगळी झाडं दोन-चार दिवसांत एकदम वाकडी झाली. पान अरुंद, शिरा एकमेकींना समांतर, शेंडा पिळलेला. हे टू-फोर-डी तणनाशकाचं काम आहे. उसाला ते सोसतं, कारण ऊस गवताच्या कुळातला. टोमॅटो, वेलभाज्या, घेवडा, मिरची या रुंद पानांच्या पिकांना वाऱ्यावर आलेला त्याचा फवाराही बाधतो.

आता शेजाऱ्याशी भांडायला जाण्याआधी स्वतःचा पंप बघा. तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून त्यातूनच टोमॅटोवर काहीतरी मारलं, ही गोष्ट मी दरवर्षी ऐकतो, आणि दरवर्षी ती सांगणारा "पंप चांगला धुतला होता की" असंच म्हणतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारा. जास्त बाधलेली झाडं उपटा, त्यांची फळं खाऊ नका. शेंड्याला नवी पानं सरळ येत असतील तेवढी राखा. उसाकडच्या बाजूला झाडांची दाट ओळ लावली तर वाऱ्याला थोडा आडोसा होईल.

राधानगरीच्या एका वहिनी: दुधी आणि दोडक्याला फुलंच फुलं, पण फळ धरत नाही. धरलं तर बोटाएवढं होऊन सडतं.

यात दोन गोष्टी आहेत. वेलाला पहिले काही दिवस नुसती नर फुलंच येतात, तेव्हा घाबरू नका. ज्या फुलाच्या मागं इवलंसं फळ दिसतं ते मादी फूल. ती यायला लागूनही फळ पिवळं पडून गळत असेल तर परागीकरण होत नाही असं समजा. पावसात मधमाश्या कमी फिरतात, त्यामुळं हे काम आपण हातानं करायचं. पण वेळ चुकवू नका: दुधी आणि दोडका संध्याकाळी फुलतात, काकडी, कारलं आणि लाल भोपळा सकाळी. सकाळी चहा झाल्यावर दोडक्याच्या मिटलेल्या फुलाशी खटपट करून उपयोग नाही. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि आतली पिवळी पूड मादी फुलाच्या मधोमध अलगद टेकवा. एका नर फुलावर दोन-तीन मादी फुलांचं काम भागतं.

धरलेलं फळ वाकडं होऊन सडतंय ती फळमाशी. मादी कोवळ्या फळात अंडी घालते आणि आत अळ्या होतात. अळी आत गेल्यावर वरून औषध मारून तिला काही होत नाही, आपल्या पोटात मात्र औषध जातं. मांडवाला क्यू-ल्युअरचा (नर माशीला ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा टांगा, कृषी सेवा केंद्रात मिळतो. धरलेल्या फळाला कागदी पिशवी बांधा. सडकी फळं उकिरड्यावर टाकू नका, तिथूनच नवी माशी उठते. हात-दीड हात खोल पुरा.

तोडणीही रोज बघा. दुधीत नख सहज शिरलं पाहिजे, भेंडीचं टोक कटकन मोडलं पाहिजे, वांग्याची चकाकी असेतोवरच ते तोडायचं. एक काकडी वेलावर पिवळी पडू दिली की वेल पुढची फुलं धरायला आळसावतो. बियाण्याचं फळ हंगामाच्या शेवटी राखा, तेही जवारी म्हणजे गावरान वाणाचंच. संकरित वाणाच्या बियांतून आई-बापासारखी झाडं येत नाहीत. आणि दुधीचा तुकडा जिभेला कडू लागला तर तो थेट फेकून द्या. "कडू म्हणजे औषधी" म्हणून त्याचा रस पिऊ नका, तो विषारी असतो.

आजऱ्याहून: पावट्याचा वेल मांडवभर पसरलाय, फूल एकही नाही. फेब्रुवारीत लावला होता, खत कमी पडलं का?

खत कमी नाही पडलं, महिना चुकला. जवारी पावटा दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलावर येत नाही. फेब्रुवारीपासून दिवस मोठा होत जातो, म्हणून तो नुसता पाला वाढवतो. युरिया टाकलात तर आणखी वाढेल. मृग-आर्द्रात टोकलेला पावटा दसरा-दिवाळीच्या सुमारास फुलतो आणि भोगीच्या भाजीला शेंगा हाताशी येतात. जुन्या लोकांनी लावणीची वेळ नक्षत्रावर ठेवली ती उगीच नाही. तुमचा वेल निरोगी असेल तर कमरेएवढा छाटून राखा, याच झाडाला पुढं शेंगा येतील. उन्हाळ्यात शेंगभाजी हवी तर जानेवारीअखेर गवार आणि चवळी लावा.

शिरोळचे एक दादा: जमिनीवर पांढरं फुटतंय. घेवडा, गाजर उगवून जळतात.

ते पांढरं म्हणजे क्षार. घेवडा आणि गाजर ही क्षाराला सर्वात आधी माना टाकणारी पिकं. त्यांच्या जागी पालक आणि बीट घ्या, ती बरीच सोसतात. सरीला पाणी दिल्यावर क्षार वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतात, म्हणून बी माथ्यावर न टोकता कडेला टोका. जिप्सम टाकायचं की नाही ते माती तपासल्यावरच ठरवा, शेजाऱ्यानं टाकलं म्हणून नको. 2019 आणि 2021 सारखा पूर परड्यात शिरला, तर पाण्याखाली गेलेली पालेभाजी धुऊनही खाऊ नका. पाणी ओसरल्यावर वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर होईपर्यंत, त्यात पाय घालू नका. ओल्यात तुडवलेली काळी माती पुढं हंगामभर ढेकळं देते.

जाता जाता: गगनबावड्याला एका जुलैत पडतो तेवढा पाऊस शिरोळला अख्ख्या वर्षात पडत नाही. त्यामुळं बावड्याच्या बहिणीचं ऐकून शिरोळच्या बहिणीनं तारखा ठरवू नयेत. बावड्याकडं पावसाळी टोमॅटो नकोच. मांडवावर पडवळ, दोडका, काकडी घ्या. वांगी-मिरचीची रोपं मात्र दोन्हीकडं आत्ताच टाकायला हरकत नाही.

दोन प्रश्न फळझाडांचे. लिंबू पाच वर्षांचं झालं, नुसतं वाढतंय. आणि चिकू तोडल्यावर पिकतच नाही, आक्रसतो.

लिंबू मोरीच्या वाटेवर आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे त्याला बारमाही पाणी. त्याला ताण मिळाल्याशिवाय बहर कसा येईल? मोरीची वाट केळीकडं किंवा अळूकडं वळवा. डिसेंबरात लिंबाचं पाणी तोडा, पानं मलूल होऊन थोडी गळू द्या. जानेवारीत आळं हलकं चाळून दोन पाट्या शेणखत घाला, आधी थोडं आणि मग वाढवत पाणी द्या. आळं दुहेरी करा, पाणी खोडाला लागता कामा नये, नाहीतर डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळणारा रोग, लागतो. फांद्या पोखरणाऱ्या किडीला नाही, पण पानं खाणाऱ्या अळीला 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो: 50 ग्रॅम भुकटी फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवा, पिळा, गाळा, आणि संध्याकाळी फवारा. निंबोळ्या आत्ता पडायला लागल्यात, वेचून सावलीत वाळवून ठेवा.

चिकू तुम्ही कोवळा तोडता. आकार पुरा झाला म्हणजे फळ तयार झालं असं नाही. अंगावरचा भुसा आपोआप झडायला लागला, आणि नखानं ओरखडल्यावर खाली हिरवं न दिसता पिवळसर दिसलं, की तोडा. देठाशी चीक येत असेल तर अजून आठवडा थांबा.